आधी पोहोचतो तो आवाज



तोरणागडाच्या पायथ्याशी, वेल्हे तालुक्यात, मेट पिलावरे नावाचे एक लहानसे गाव आहे. (या तालुक्याचे ‘राजगड’ असे नामकरण २०२४ साली मंत्रिमंडळाने मंजूर केले, बोलताना मात्र अजून वेल्हे हेच नाव तोंडी येते.) गावाच्या नावातील ‘मेट’ या शब्दाचा अर्थ आजच्या तरुणांपैकी थोड्यांनाच सांगता येईल. गडाच्या घेऱ्यात, तटाच्या खाली आणि गावाच्या वर, मोक्याच्या जागा हेरून चौक्या वसवलेल्या असत. त्या चौकीला मेट म्हणत आणि तेथील राखणदाराला मेटकरी. रात्री पाचोळा वाजला तर तो रानडुकराचा की माणसाचा, वर येतो आहे तो गुराखी की परका, हे ओळखायचे आणि तत्काळ गडावर खबर पोहोचवायची, हे त्याचे काम. तलवार चालवणारे वर असत. तरीही गडाचा बंदोबस्त सांगताना मेटकऱ्याला वगळून चालत नसे. राखणीच्या मोबदल्यात अशा कुटुंबांना जमिनी लावून दिलेल्या असत.

आजच्या काळातील मेटे डोंगरावर नाहीत. ती नवी मुंबईत, नागपुरात आणि पुण्यात, संगणकांच्या रांगा असलेल्या मोठ्या दालनांत आहेत. तेथे कानाला हेडफोन लावून बसलेली माणसे रात्रंदिवस अनोळखी लोकांच्या किंकाळ्या ऐकतात, त्यांतून गावाचे नाव वेचून काढतात आणि गाडी रवाना करतात. पोलीस खात्यात त्यांना नुसते ‘कंट्रोल’ म्हणतात. त्या शब्दामागे एक माणूस असतो, याची आठवण बहुधा कोणाला होत नाही. अपघात झाला की वर्तमानपत्रात रुग्णवाहिकेच्या चालकाचे, डॉक्टरांचे, अग्निशमन दलाचे, दरीत उतरणाऱ्या तरुणांचे कौतुक छापून येते, आणि ते यथायोग्यच असते. पण त्या सर्वांच्या आधी घटनास्थळी कोण पोहोचले, असा प्रश्न विचारला तर खरे उत्तर एकच आहे. दूरध्वनी उचलणारा पोहोचला.

ही केवळ शब्दांची चमत्कृती आहे, असे काहींना वाटेल. म्हणून हे काम मुळात कसे जन्मास आले, ते पाहणे उपयुक्त ठरेल. १० नोव्हेंबर १९३५ रोजी लंडनमधील विम्पोल स्ट्रीट येथे एका घराला आग लागून पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. समोर राहणाऱ्या एका गृहस्थांनी अग्निशमन दलाला कळवण्यासाठी दूरध्वनी उचलला होता. पण त्यांचा कॉल एक्स्चेंजमधील इतर कॉलच्या रांगेत अडकून पडला. त्यांनी संतापून ‘द टाइम्स’ला पत्र लिहिले, सरकारने समिती नेमली, आणि ३० जून १९३७ पासून लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. तो फिरवताच एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागे, भोंगा वाजे, आणि ऑपरेटर हातातील इतर काम सोडून तो कॉल घेई. आग विझवणारे बंब त्यापूर्वीही होते. त्यांच्यात आणि जळत्या घरात जी पोकळी होती, ती भरून काढण्यासाठी ही जागा निर्माण करावी लागली.

भारतात असा एकच क्रमांक यावयास फार वेळ लागला. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत घडलेल्या अमानुष घटनेनंतर या मागणीस जोर आला. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये हिमाचल प्रदेशात ११२ ची सुरुवात झाली आणि महाराष्ट्रात ही सेवा २०२१ साली आली. राज्यातून कोठूनही ११२ लावला की तो कॉल मध्यवर्ती केंद्रात घेतला जातो, तेथून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे जातो, आणि तेथील कर्मचारी घटनेच्या जवळ असलेल्या गाडीतील पडद्यावर तो पाठवतो. वैद्यकीय मदतीसाठीची १०८ ची सेवा त्याच्या आधीची. महाराष्ट्रात ती २६ जानेवारी २०१४ रोजी ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. त्यांपैकी २३३ गाड्यांत अतिदक्षतेची साधने होती. तिचा नियंत्रण कक्ष औंध येथे उभा राहिला. म्हणजे भोरच्या घाटातून गेलेली हाक पुण्याच्या पश्चिमेला ऐकली जाऊ लागली.

या मध्यवर्ती व्यवस्थेचे गुण मोठे आहेत. परंतु तिच्यामुळे एक गोष्ट हरपली, ती ज्येष्ठांना आठवत असेल. ट्रंक कॉलच्या जमान्यात तालुक्याच्या एक्स्चेंजमधील ऑपरेटरला गावातील निम्मी माणसे आवाजावरून ओळखू येत. डॉक्टर दवाखान्यात नसतील तर या वेळी कोणाकडे असतील, हेही त्याला ठाऊक असे. असो. ते दिवस परत यावयाचे नाहीत, आणि तासन्तास न लागणारे ट्रंक कॉल परत यावेत, असे कोणी म्हणणारही नाही. पण ऐकणारा आणि हाक मारणारा यांच्यात आता जे अंतर पडले आहे, ते भोर आणि वेल्ह्यात सर्वाधिक जाणवते.

या दोन्ही तालुक्यांचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. पूर्वेकडे खेड शिवापूर, कापूरहोळ, किकवी, सारोळा असा राष्ट्रीय महामार्ग. तेथे अपघात झाला तर मदत तुलनेने लवकर येते. पश्चिमेकडे मात्र सह्याद्रीची धार. वरंध घाटाचा रस्ता नीरा-देवघरच्या जलाशयाकडेने महाडकडे उतरतो आणि पावसाळ्यात दरडींमुळे वारंवार बंद ठेवावा लागतो. भाटघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी अशी धरणे बांधली गेली आणि पाण्याने कित्येक गावांच्या जुन्या वाटा गिळल्या. समोरच्या काठावरचे गाव डोळ्यांना दिसते, पण गाडीला वळसा घालून जावे लागते. २०११ च्या जनगणनेत वेल्हे तालुक्याची लोकसंख्या सुमारे ५४ हजार होती. शहरातील एखाद्या प्रभागाएवढी माणसे डोंगरदऱ्यांतील वाड्यावस्त्यांवर विखुरलेली. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून टेकाडावर चढून जावे लागते, अशा जागा अजून आहेत. टॉवरवरून मिळणारे ठिकाण अशा मुलखात काही किलोमीटर इकडेतिकडे असू शकते.

त्यात गावांची नावे. भोरहून मांढरदेवीकडे जाताना आंबवडे लागते. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना आंबवणे. तुटक्या आवाजात, रडणाऱ्या बाईच्या तोंडून यांपैकी एक नाव ऐकून गाडी कोणत्या खोऱ्यात पाठवायची, हे काही सेकंदांत ठरवायचे असते. साखर वेल्ह्यातही आहे आणि घाटाखाली पोलादपूर तालुक्यातही. बुद्रुक आणि खुर्द यांनी केलेला घोटाळा वेगळाच.

भाषेचे तर विचारूच नये. समजा, आषाढात केळदच्या बाजूला भातलावणी चालू आहे आणि चिखलात उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या पायाला सर्पदंश झाला. त्याचा भाऊ टेकाडावर जाऊन फोन लावतो आणि सांगतो, “दादाला पान लागलंय.” मावळातील माणूस त्या प्रसंगी सापाचे नाव घेणार नाही, फार तर ‘जनावर’ म्हणेल किंवा ‘लांबडं’. शहरात वाढलेल्या, संगणकावरील यादीतून आजार निवडणाऱ्या मुलीला ‘पान लागणे’ म्हणजे काय हे कोणी शिकवले नसेल, तर ती ‘इतर’ या रकान्यावर बोट ठेवील. शिकवले असेल, तर पुढील सर्व बदलते. ती विचारील: शुद्धीवर आहेत का, पापण्या जड झाल्या आहेत का, श्वास नीट आहे का. मग सांगील: चिरा देऊ नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. पायातले, बोटातले काही असेल तर काढा. फळीचा आधार देऊन पाय स्थिर ठेवा, त्यांना चालवू नका, दोघे मिळून उचलून रस्त्यावर आणा. साप शोधण्यात वेळ घालवू नका. गाडी वेल्ह्याहून निघाली आहे, फोन बंद करू नका.

गाडी पोहोचेपर्यंत कितीही वेळ लागो, त्या रोग्यावर उपचार सुरू झालेले असतात. भावाचे हात आणि तिची वाणी, असे ते दोघांचे काम आहे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असावीत, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला; म्हणजे दर वर्षी सरासरी ५८ हजार. त्यांतील बहुतांश खेड्यांतली, आणि पावसाळ्याच्या महिन्यांत अधिक. वरंध घाट उतरला की महाड लागते. तेथे विंचूदंशावर आयुष्यभर संशोधन करून असंख्य मुले वाचवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. रुग्ण वेळेत हाती लागला तर काय होऊ शकते, याचे उदाहरण शेजारच्याच तालुक्यात आहे. प्रश्न उरतो तो ‘वेळेत’ या शब्दाचा.

हृदय बंद पडण्याच्या प्रसंगी हा प्रश्न आणखी कठोर होतो. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत हानी सुरू होते. भोर शहरात उपजिल्हा रुग्णालयाच्या शेजारच्या गल्लीतही एवढ्या वेळात गाडी येईल, याची शाश्वती नाही. हिरडोशीला किंवा भुतोंड्याला तर नाहीच. त्या मिनिटांत घरातील कोणीतरी छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल दाब दिला, तरच आशा असते. घाबरलेल्या सुनेला किंवा बारा वर्षांच्या नातवाला हे कोण सांगणार? जो त्या क्षणी ऐकतो आहे, तोच. अमेरिकेत डॉ. जेफ क्लॉसन यांनी सॉल्ट लेक सिटीच्या अग्निशमन दलासाठी १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रश्नांची आणि सूचनांची पत्रके तयार केली, तेव्हापासून दूरध्वनीवरून प्रथमोपचार सांगण्याचे रीतसर शास्त्र बनले. कोणता प्रश्न आधी विचारावा, कोणता शब्द टाळावा, समोरचा किंचाळत असेल तर तेच वाक्य त्याच सुरात पुन्हा कसे म्हणावे, हे त्यात शिकवले जाते. मोजून, हितकर आणि वेळेवर बोलणे यास भाषासमिती म्हणतात, हे ज्या श्रोत्यांच्या कानी बालपणापासून आहे, त्यांना या कामातील कठीणपणा निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

ऐकणारा नसला तर काय होते, याची साक्ष वेल्ह्याच्याच भूमीत आहे. आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण १२ जुलै १९६१ च्या सकाळी फुटले. त्या लोंढ्याने खाली खडकवासल्याचे धरणही टिकले नाही, आणि पुणे शहराचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. धरण खचत आहे, हे धरणावर काम करणाऱ्यांना आदल्या दिवसापासून दिसत होते. लष्कराचे जवान वाळूची पोती रचून ते वाचवण्यासाठी झटत होते. संकट तेथे उघड्या डोळ्यांनी पाहिले जात असताना नदीकाठच्या पुणेकराला मात्र पुरेशी पूर्वसूचना मिळाली नाही. पुढे चौकशी आयोग बसले, न्यायमूर्ती बावडेकर आणि नंतर न्यायमूर्ती नाईक यांची नावे त्या प्रकरणाशी जोडली गेली, आणि तांत्रिक व प्रशासकीय दोषांची चर्चा पुष्कळ झाली. ती येथे उगाळण्याचे कारण नाही. प्रस्तुत विषयापुरते एवढेच लक्षात घ्यावे की डोंगरातील माहिती आणि शहरातील माणूस यांच्यामध्ये अशी एकही जागा नव्हती, की जिचे एकमेव काम ऐकणे आणि तत्काळ कळवणे हेच होते.

त्यानंतर अर्धशतक उलटले. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातीलच आंबेगाव तालुक्यात डोंगर कोसळून माळीण गाव गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. ती वार्ता बाहेर पोहोचली ती एका एसटी चालकामुळे. नेहमीच्या फेरीला आलेल्या त्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही. गावातून फोन करू शकेल असे कोणी उरलेच नसेल, तर नियंत्रण कक्षाने काय करावे, असा प्रश्न येथे निघतो, आणि तो योग्य आहे. सर्व दुःखांवर हा उपाय आहे, असा दावा कोणी करू नये. परंतु तो चालक पाहून पुढे निघून गेला नाही, त्याने कळवले. मेटकऱ्याचे काम त्याने केले.

आता मान्यतेचा मुद्दा. अमेरिकेच्या केंद्र सरकारचे व्यवसायांचे जे अधिकृत वर्गीकरण २०१८ साली ठरले, त्यात ९११ वरील कॉल घेणाऱ्यांना ‘कार्यालयीन व प्रशासकीय साहाय्य’ या गटात, म्हणजे कारकुनांच्या रांगेत, बसवले गेले. पोलीस आणि अग्निशामक ‘संरक्षक सेवा’ या गटात. याविरुद्ध २०१९ पासून तेथील काँग्रेसमध्ये विधेयके मांडली गेली. ती मांडणाऱ्या प्रतिनिधी नॉर्मा टॉरेस यांनी स्वतः लॉस एंजेलिसमध्ये अनेक वर्षे हे काम केलेले होते. टेक्सास राज्याने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये आपापल्या कायद्यांत या कर्मचाऱ्यांना प्रथम मदतकर्त्यांत गणले. भारतात तर वाद होण्याइतकाही हा प्रश्न पुढे आलेला नाही. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत रुग्णवाहिकेवरील आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाला नाव मिळाले, आणि ती स्वागतार्ह गोष्ट होती. दूरध्वनीवरून उपचार सांगणाऱ्याला तेथे स्वतंत्र स्थान नाही. मार्च २०२० मध्ये करोनाच्या काळात आरोग्यसेवकांसाठी ५० लाख रुपयांच्या विम्याची योजना आली, तीही रुग्णांच्या प्रत्यक्ष संपर्कात येणाऱ्यांसाठी. संसर्गाच्या दृष्टीने ती अट समर्थनीय होती. पण शासन काय आणि समाज काय, सेवेचे माप अजून शरीराच्या जवळिकीवरून काढतो, हे तिच्यातून दिसले.

यावर आक्षेप घेतला जातो तो असा: वातानुकूलित खोलीत खुर्चीवर बसणाऱ्याने जिवावर उदार होऊन काय केले? दरीत दोर सोडून उतरणारा आणि हा, एकाच पंक्तीला कसे? आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. उतरणाऱ्याचा धोका निःसंशय मोठा आहे, आणि दोघांना सारखेच म्हणणे हा अन्याय होईल. परंतु दूर बसल्याने आघात होत नाही, ही समजूत खरी नाही. नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॉल घेणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या मनावर प्रत्यक्ष न पाहिलेल्या घटनांचाही तीव्र आघात होतो, असे आढळले. दरीत उतरणारा निदान शेवट पाहतो. कॉल घेणाऱ्याच्या वाट्याला गोष्टीचा केवळ प्रारंभ येतो. गाडी पोहोचली की फोन कटतो, आणि तो माणूस वाचला की गेला हे त्याला बहुधा कधीच कळत नाही. तोवर दुसरा कॉल आलेला असतो. तो एखाद्या मद्यप्याचा असेल, खेळ म्हणून फोन लावणाऱ्या पोराचा असेल, किंवा पुन्हा एकदा खरा असेल. तिन्हींना त्याच स्वरात उत्तर द्यावे लागते.

मात्र मान्यता म्हणजे बिल्ला नव्हे, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. समोरील यादी वाचून दाखवणाऱ्या, प्रशिक्षण न मिळालेल्या, करार संपला की निघून जाणाऱ्या मुलाला ‘प्रथम मदतकर्ता’ हे नाव देऊन टाकले, तर ते नाव आणि ती सेवा दोन्ही पोकळ ठरतील. त्याला प्रथमोपचाराचे रीतसर शिक्षण आणि त्याचे प्रमाणपत्र हवे. कठीण कॉलनंतर खुर्चीवरून उठून काही वेळ बाहेर जाण्याची मुभा हवी आणि त्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे कळण्याची सोय हवी. तसेच वर्षातून दोन दिवस तरी त्याला आपण उत्तर देतो त्या मुलखात फिरवून आणले पाहिजे. केळदच्या वळणांवर एकदा गाडी लागलेला माणूस तेथील हाकेला ‘दहा मिनिटांत पोहोचेल’ असे पुन्हा कधी सांगणार नाही.

स्थानिक माणसांनीही काही व्यवस्था उभ्या केल्या आहेत. पुणे जिल्ह्यातील अनेक गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. संकटातील माणसाचा स्वतःचा आवाज एकाच वेळी परिसरातील सर्वांच्या मोबाइलवर जातो, आणि गाडीच्या आधी शेजारी धावतात. राजगड-तोरण्यावर वाट चुकलेल्या, कडेलोट झालेल्या गिर्यारोहकांसाठी राज्यातील गिर्यारोहण संस्थांनी मिळून मदतीचा समन्वय कक्ष चालवला आहे. तेथे कॉल घेणाऱ्याला गडाची प्रत्येक वाट पायाखालची असते. ‘बालेकिल्ल्याच्या खाली आहे’ एवढ्यावरून त्याला माणूस कोठे अडकला असेल याचा अंदाज बांधता येतो. सरकारी कक्षाने या मंडळींकडून शिकण्यासारखे बरेच आहे, आणि त्यासाठी पैसा फारसा लागत नाही.

दुसऱ्या टोकाला, फोन लावणाऱ्याकडेही अर्धे काम असते. पहिले वाक्य “लवकर या, लवकर या” असे असेल तर अर्धे मिनिट वाया जाते. आधी ठिकाण सांगावे, कारण फोन मध्येच तुटला तरी ठिकाण हाती राहते. मग काय झाले ते. मग स्वतःचा क्रमांक. आणि समोरचा प्रश्न विचारत असेल तर “तुम्ही प्रश्न काय विचारता, गाडी पाठवा” असे म्हणून त्याच्यावर रागावू नये; तो प्रश्न विचारीत असतानाच शेजारी बसलेल्याने गाडी हलवलेली असते.

भोरच्या बाजारपेठेत, नसरापूर-कापूरहोळच्या चौकांत, वेल्ह्याच्या नाक्यावर ज्यांची दुकाने व गोदामे आहेत, ज्यांच्या धर्मशाळा आणि दवाखाने आहेत, त्यांनी गल्ल्याजवळच्या भिंतीवर एक पुठ्ठा लावून ठेवावा. नोकराला, वाटसरूला, घाबरलेल्या कोणालाही तो जसाच्या तसा फोनवर वाचता आला पाहिजे. उदाहरणार्थ: “आंबवणे, तालुका वेल्हे, जिल्हा पुणे. भोर तालुक्यातील आंबवडे नव्हे. नसरापूरहून वेल्ह्याकडे येणाऱ्या रस्त्यावर. रस्त्यावर एक माणूस बॅटरी घेऊन उभा आहे.”